मदत हवी आहे: दोन पॅलेस्टिनी माहितीपट, मराठी सबटायटल्स

नमस्कार मंडळी,

आमच्या फिल्म सोसायटीत 'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज' (२०११) आणि 'नो अदर लँड' (२०२४) दाखवायचे आहेत. पहिला वेस्ट बँकेतल्या बिलईन गावच्या इमाद बुर्नातने टिपलेला. २००५ मध्ये चौथा मुलगा झाला म्हणून त्याने कॅमेरा घेतला, आणि गावच्या ऑलिव्हच्या जमिनीतून इस्रायलची भिंत जायला लागली. मोर्च्यांचं चित्रण करताना पाच कॅमेरे गेले; एकाने तर बंदुकीची गोळी झेलली. दुसरा वेस्ट बँकेतल्याच मसाफेर यट्टा या खेड्यांच्या भागाचा. तिथली गावं लष्कराने सरावाचं क्षेत्र ठरवली आणि मे २०२२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने लोकांना हटवायची वाट मोकळी केली. त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तरी आपल्याकडे किती जणांनी पाहिलाय?

आमचे बरेच प्रेक्षक साठीच्या पुढचे आहेत, इंग्रजी सबटायटल्स वाचताना मागे पडतात. बुलडोझर घरावर येतो तेव्हा चार जण एकदमच बोलतात, आणि नेमकं तिथेच काही निसटायला नको.

म्हणून मराठी सबटायटल्स करायची आहेत, रीतसर परवानगी घेऊनच. छोट्या संस्थेसाठी सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क कुणी मिळवले आहेत का? निर्मात्यांना लिहायचं की वितरकाला? साधारण किती पैसे धरावेत? आणि अरबी, शक्यतो पॅलेस्टिनी बोली, समजणारं कुणी मराठी माणूस ओळखीत असेल तर कृपया कळवा. मजकूर आम्ही लिहू, मूळ संवादांशी ताडून पाहायला माणूस हवा. मानधन देऊ.