हिवाळ्यात कॅमेरा: आपापले अनुभव लिहा

संत्राबाग: चुलतभावानं आज शेकोटीचा फोटो धाडला अन् २०१८ चा डिसेंबर आठवला. २९ तारखेला नागपुरात पारा ३.५ वर गेला होता. आम्ही काटोलकडं बागेत. पहाटे संत्र्यावरचं दहिवर टिपायला गेलो, तर रात्रभर चार्ज केलेली जुनी बॅटरी पाच-सात फोटोत लाल. घरी चुलीपाशी बसून सहज चालू केला, तर अर्धी भरलेली! तुमचंही लिहा.

बांधावरचा: बॅटरी संपत नाही, आखडते. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, व्होल्टेज पडते, कॅमेऱ्याला वाटते खलास. जुनीला जास्त त्रास. नवेगावबांधला पट्टकदंब पक्षी पाहायला जातो तेव्हा एक बॅटरी कॅमेऱ्यात, दुसरी स्वेटरच्या आत. गार झाली की बदलायची.

वावरवाला: अन् लेन्सचं काय? रातच्या लाईनीवर हरभऱ्याले पाणी देऊन थेट सैपाकघरात शिरलो. माय भाकरी टाकून राहिली होती, म्हटलं फोटो काढू. काच पांढरीफट. माय म्हणे पूस ना पदरानं. पुसलं की पुन्हा तेच.

साकोलीताई: भाऊ, घरात शिरायच्या आधी बाहेरच प्लास्टिकच्या पन्नीत घालून घट्ट गाठ मारायची. दव पन्नीवर बसते, कॅमेऱ्यावर नाही. आतला गारवा गेल्यावरच गाठ सोडायची, घाई नाही. फोटो पाहायची हौस असेल तर कार्ड आधीच काढून घ्या.

वावरवाला: हे आधी सांगतं तं!

रातचा प्रेक्षक: वडसाकडं झाडीपट्टीचं नाटक. पब्लिक घोंगड्यात, मी कॅमेरा घेऊन पुढं. पेन्सिल सेलवाला होता. साधे सेल नांदी संपायच्या आतच गार पडले. चार्जिंगचे टाकले तेव्हा कुठं खलनायक मरेस्तोवर चालला. भजे मात्र गरम होते.

पऱ्हाटी: भाकरीवरून हुरडा आठवला. यंदा कुणाकडं आहे काय?

बांधावरचा: ज्वारी पेरते कोण आता? डुकरं ठेवतात काय!

सुट्टीवर: फेब्रुवारीत लेहला गेलो होतो, पहाटे उणे १५ च्या आसपास. मागचा स्क्रीन इतका सुस्त की कॅमेरा हलवला तरी चित्र मागून रांगत यायचं. श्वास लागला की व्ह्यूफाइंडरवर बर्फ. ट्रायपॉडच्या उघड्या लोखंडाला हात लावायची सोय नाही. त्यापुढं आपली थंडी म्हणजे लाड. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश लिहिलेलं असते.

रातचा प्रेक्षक: ४०? मग चंद्रपूरवाल्यांनी मे महिन्यात कॅमेरा पेटीत ठेवायचा काय? 😂

साकोलीताई: पेटीत नाही, माठात.

पऱ्हाटी: वावरवाले दादा, मायचा फोटो आला का मग? टाका ना इथं.

वावरवाला: आला, धुरकट. मायले तोच आवडते, सुरकुत्या दिसत नाही म्हणे. पण चार्जर उंदरानं कुरतडला, जुन्या मॉडेलचा नागपूरच्या बर्डीवर भेटन काय?

संत्राबाग: भेटते, पण बॅटरी सोबत नेऊन लावून पाहा. डुप्लिकेट खपवतात.

वावरवाला: बरं. लाईन आली, मोटर टाकून येतो.