एकांकिकेतला अपघात बसत नाहीये, मदत हवी आहे (अर्जंट)

तालीमवेडी:
नमस्कार मंडळी, शनिवारी प्राथमिक फेरी आहे आणि अपघाताचा प्रवेश काही केल्या बसत नाहीये. एकांकिका गाड्यांच्या शर्यतीत उतरणाऱ्या एका जुन्या काळच्या नटीवर आहे. गाडी गर्दीत घुसते, बाई बाहेर फेकल्या जातात, आणि आमच्याकडे चार ठोकळे आणि एक जुनं स्टिअरिंग. लुकलुकणारा स्ट्रोब लाइट मारून बघितला, स्लो मोशन करून बघितलं, दोन्ही वेळा तालमीला आलेली पोरं हसली आणि मला रडू आलं, कारण माणसं खरंच मेली होती हो. काहीतरी सुचवा, लवकर.

गॅरेजवाला_सातारा:
कोणत्या बाई? कुठला अपघात? गाडी कुठली?

आठवणीतली_सायकल:
डोरोथी लेविट असणार. इंग्लंडची, 1900 नंतर लगेचच्या काळातली. गाडी चालवताना मागचं दिसावं म्हणून बायकांनी हातातला छोटा आरसा जवळ ठेवावा असं तिने 1909 मध्ये लिहून ठेवलंय, गाड्यांना आरसे यायच्या कितीतरी आधी! हा आरशाचा प्रसंग घ्याच, कुठलाही खर्च नाही.

तालीमवेडी:
नाही हो काका, लेविट नटी नव्हती. मी हेले नीसबद्दल बोलतेय. पॅरिसची स्टेजवरची बाई जी रेस करायची, मला वाटलं एवढ्यावर कळेल. 12 जुलै 1936, ब्राझीलमधली साओ पाउलोची शर्यत.

गॅरेजवाला_सातारा:
मग बुगाटी दाखवू नका. बुगाटी 35सी तिची आधीची, दोन लिटर, आठ सिलिंडर एका रांगेत, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर. डिसेंबर 1929 ला माँतलेरीच्या ट्रॅकवर वेगाचा विक्रम केला तो तिच्यावर. ब्राझीलमध्ये अल्फा रोमिओ मोंझा होती. तुम्ही पुठ्ठ्याची गाडी केली असेल तर पुढची जाळी बदला, माहितगार माणूस लगेच पकडतो.

तालीमवेडी:
दादा, पुठ्ठ्याची गाडीच नाहीये. ठोकळे आहेत.

चौथी_घंटा:
मुळात तिला नटी म्हणणंच चुकीचं. ती नर्तकी होती, म्युझिक हॉलवाली. गुडघा गेला म्हणून नाच सुटला आणि गाड्यांकडे वळली. नाटक वेगळं, नाच वेगळा.

रानवाटा:
अहो पण शर्यतीची चटक नाचत होती तेव्हाच लागली ना, पॅरिसच्या रंगमंचावरच्या कलाकारांची आपापसात गाड्यांची शर्यत व्हायची त्यात. प्रेक्षकांसमोर उभी राहते ती रंगकर्मीच. आपल्याकडे त्या वर्षांत बालगंधर्व शालू नेसून उभे राहत होते, त्यांना काय गायक म्हणून बाजूला काढणार?

चौथी_घंटा:
बालगंधर्वांना मधे आणू नका, ते गात होते तसा अभिनयही करत होते.

विंगेतून:
भांडणं नंतर. तालीमवेडी, किती वेळ आहे प्रवेशाला? पात्रं किती? कॉट मिळेल का?

तालीमवेडी:
सहा मिनिटं, मी धरून तीन मुली. कॉट कशाला?

विंगेतून:
कारण अपघातानंतर ती तीन दिवस बेशुद्ध होती. आधी मेलीच समजले होते. म्हणजे अपघात तिने स्वतः पाहिलाच नाही, मग आम्हाला कशाला दाखवतेस? ती तिसऱ्या नंबरासाठी झगडत होती ना. तर अंधारात नुसता इंजिनचा आवाज चढव, पार कानठळ्या बसेपर्यंत, आणि मधेच तोड. दहा आकडे मोजेपर्यंत काही नाही. मग एक दिवा, कॉटवर तू. तू विचारतेस, माझा नंबर कितवा आला? नर्स चादर सरळ करत राहते. ती ज्या सैनिकाच्या अंगावर आदळली तो गेला, म्हणून ही वाचली. हे नर्सला माहीत आहे आणि तिला सांगता येत नाही. तुझी सहा मिनिटं तिथे आहेत.

आठवणीतली_सायकल:
छान आहे. तरी आरशाचा विचार करा.

गॅरेजवाला_सातारा:
आवाज सुपरचार्जरवाल्या आठ सिलिंडरचाच घ्या हं, मोंझाही तशीच होती, शिटी ऐकू येते त्यात. बुलेटचा घेतलात तर सगळं वाया.

रानवाटा:
शेवट मात्र हॉस्पिटलवर करू नकोस. त्या अपघातानंतर ब्राझीलमध्ये मुलींची नावं हेलेनीस ठेवायला लागले. पुढच्याच वर्षी माँतलेरीला ती आणखी चार बायकांबरोबर आळीपाळीने दहा दिवस दहा रात्री गाडी पळवत होती. एवढ्या मोठ्या अपघाताने जिला संपवलं नाही तिला 1949 मध्ये माँटे कार्लो रॅलीच्या पार्टीत लुई शिराँ या रेसरने भर लोकांत गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, हस्तक म्हटलं, पुरावा एक नाही, आणि पैसे लावणारे सगळे बाजूला झाले. 1984 मध्ये नीस शहरात हलाखीत गेली. मला हे वाचून आजही संताप येतो.

विंगेतून:
आणि शेवटी आधार कोणी दिला, तर रंगभूमीवरच्या वयस्कर कलाकारांना मदत करणाऱ्या एका संस्थेने. चौथी घंटा, त्यांनी नाही विचारलं हो नाच की नाटक.

चौथी_घंटा:
हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. तालीमवेडी, एकांकिकेत ही संस्था आहे का? नसेल तर एका वाक्यात तरी घाल.

तालीमवेडी:
नव्हती, आता घालते. आत्ता घरी दिवे घालवून आवाज तोडायचं करून बघितलं, बहीण सातव्या आकड्याला "काय झालं गं" म्हणून आत आली. हेच हवं होतं. विंगेतून, खूप खूप आभार. आता सदाशिव पेठ किंवा आसपास कोणाकडे जुनी लोखंडी कॉट आहे का, पांढऱ्या रंगाची, डोक्याशी गज असलेली? शुक्रवारपर्यंत हवी, टेम्पो आम्ही आणू.

आठवणीतली_सायकल:
आमच्याकडे आहे, माळ्यावर. रंग उडालाय. चालेल?