जॅमिंगमध्ये आवाज कमी करायचा तो एकट्या ड्रमवाल्यानेच का?

धागाकर्ता (ड्रमवादक, सोलापूर): आम्ही काही मित्र सुटीच्या दिवशी पूर्व भागातील एका रिकाम्या यंत्रमाग शेडमध्ये एकत्र वाजवायला, म्हणजे जॅमिंगला, जमतो. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि भिंती उघड्या. अशा जागेत सिंबलवर, म्हणजे ड्रमच्या धातूच्या थाळीवर, एक टोला पडला तरी तो सगळीकडून परत येतो आणि दुसऱ्याच गाण्याला फर्मान सुटते, ‘जरा हळू वाजव.’ गिटारच्या अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीला, बटण असते, माझ्या वाद्याला नसते. तरीही बटण असलेल्यांनी ते फिरवायचे नाही आणि नसलेल्याने हात आवरायचा, हा न्याय मला पटत नाही. आधी जागा सुधारावी. भिंतींवर जुन्या चादरी टांगायला काय हरकत आहे? सोलापुरात त्यांची वानवा नाही.

गायक: मी पूर्णपणे असहमत आहे. बैठकीतील आवाजाची कमाल पातळी ड्रम किंवा गिटार ठरवत नाही, माझा माईक ठरवतो; कारण स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरू लागला की तो शिट्टी मारतो आणि त्यापुढे मला एक कणभरही वाढवता येत नाही. त्यातच माझ्या पाठीमागे सिंबल असेल, तर माईक माझ्या गळ्याइतकेच त्याचेही गाणे उचलतो. ड्रमला बटण नाही हे खरे, पण मलाही दुसरा गळा नाही.

बेसवादक: गिटारवाले सुटतात कसे, हे मला कळत नाही. अँप जमिनीवर ठेवून त्याच्या अगदी पुढ्यात उभे राहिले की आवाज गुडघ्यांना लागतो आणि कानाला कमी येतो. मग बटण वाढते, त्यावर ड्रम वाढतो आणि ठपका ड्रमवर येतो. अँप खुर्चीवर ठेवून कानाच्या दिशेने कलता करा. निम्मी भांडणे तिथेच मिटतील.

दुसरा ड्रमवादक: व्यवसायबंधू असूनही मी धागाकर्त्याच्या बाजूने नाही. मिरवणुकीतला हलगीवाला घराच्या ओसरीत त्याच जोराने वाजवत नाही. काठी वीतभर उचलण्याऐवजी चार बोटेच उचलावी, 5बी या जाड काठीऐवजी 7ए ही बारीक काठी घ्यावी, स्नेअरच्या (संचातल्या छोट्या ड्रमच्या) तळाच्या तारा थोड्या सैल कराव्यात म्हणजे हलक्या टोल्यालाही त्या बोलतात, आणि हाय-हॅट (पायाने उघडमिट होणारी थाळ्यांची जोडी) अर्धवट उघडी ठेवून झोडपण्याची सवय सोडावी. हळू वाजवताना लय ढासळत असेल, तर तो शेडचा दोष नव्हे. चादरींविषयीही गैरसमज नको. त्या सिंबलची धार कमी करतील, पण किकचा, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा, धमाका जसाच्या तसा शेजारी पोहोचेल.

धागाकर्ता: काठीच्या उंचीचा मुद्दा रास्त आहे. काठीऐवजी रॉड (काड्यांची जुडी) किंवा ब्रश मात्र मी घेणार नाही, कारण त्यांनी रॉकचा बॅकबीट (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा ठोका) पुठ्ठ्यावर थापटल्यासारखा लागतो. शिवाय कानांची काळजी प्रत्येकाने स्वतःही घ्यावी. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या आरोग्याविषयीच्या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला दिवसाला आठ तास चालतात आणि दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे. कानात बोळे घालायला कोणाला कमीपणा वाटू नये.

गायक: बोळे आपल्या कानात असतील, शेजाऱ्यांच्या नाहीत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि त्या शेडच्या भिंतीला भिंत लागून घरे आहेत. म्हणून माझी सूचना अशी की, शिट्टी येण्याच्या किंचित आधीच्या पातळीवर माईक लावावा, मी एकट्याने एक कडवे गावे आणि शब्द ऐकू येतील एवढ्यावरच बाकी सगळ्यांनी थांबावे.

धागाकर्ता: मान्य, पण त्या कडव्यानंतर पहिले बटण गिटारचे फिरेल, माझी काठी त्यानंतर खाली येईल.