शब्दचर्चा : झेनिथ म्हणजे माथ्यावरचा सूर्यच का?

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : मुलीच्या इंग्रजी पुस्तकात ‘झेनिथ’ आलंय. आपण ‘सूर्य माथ्यावर आला’ म्हणतो तेच का हे? पेपरात ‘कारकिर्दीचा झेनिथ’ असंही वाचलंय.

उत्तर १ : माथ्यावर म्हणजे झेनिथ हे बरोबर, खरं ‘सूर्य माथ्यावर’ आपण रोज दुपारी म्हणतो, तेवढं सैल चालत नाही. ओळंब्याची दोरी सरळ वर वाढवली तर आभाळात जिथं पोचेल तो बिंदू म्हणजे झेनिथ. मराठीत खस्वस्तिक किंवा खमध्य. हा ‘ख’ म्हणजे आकाश, खगोलातला. उभं राहणाऱ्याची जागा बदलली की बिंदूही बदलतो.

बेळगावात सूर्य ऐन झेनिथला वर्षातून दोनदाच येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या 10 तारखेच्या आसपास. तेव्हा उभ्या काठीची सावली बुडातच मुरते. ऑगस्टात आपल्याकडं ढग, म्हणून मे धरायचा. सूर्य तेव्हा उत्तरेकडं सरकत असतो, रोज साधारण 30 किलोमीटर. त्यामुळं आधी खानापूर, मग बेळगाव, दोनेक दिवसांनी निपाणी. ऑगस्टात उलटा क्रम. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडं, तिथं हे कधीच घडत नाही.

आणि बारा वाजता बघू नका! भारताची घड्याळं 82.5 रेखांशावर लावलेली, बेळगाव 74.5 वर. दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपली खरी मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास.

उत्तर २ : मूळ शब्द अरबी, ‘सम्त अर्-रास’, डोक्याकडची दिशा. लॅटिनमध्ये उतरवताना ‘सम्त’चं वाचन चुकलं आणि ‘सेनिथ’ झालं. आपल्या शेजारच्या कन्नडातही टाळूला ‘नेत्ती’ म्हणतात, आणि भर दुपारचा सूर्य ‘नेत्तीवर’ असतो. मुलीला ‘माथा’ आणि ‘नेत्ती’ दोन्ही सांगा, तिच्या कानावरचेच शब्द आहेत.

उत्तर ३ : कारकिर्दीसाठी ‘कळस’ किंवा ‘शिखर’ असताना झेनिथ कशाला? माझ्या मते तो शब्द आभाळापुरताच ठेवावा. उलट टोकाला इंग्रजीत ‘नादिर’, म्हणजे पायाखालचा बिंदू, आपला अधःस्वस्तिक. पडत्या काळाला तोही वापरतात, तिथं ‘रसातळ’ जास्त जोरकस.

प्रश्नकर्ती : समजलं. मेमध्ये गच्चीवर पाइपाचा तुकडा उभा करून बघतो आम्ही दोघी. ओळंबा गवंडीकाकांकडून आणते.