मदत हवी आहे: विज्ञान कादंबरीवरचा एकच सिनेमा सुचवा (तातडीचं)

गंगापूररोडकर:
कोजागिरीला गच्चीवर सिनेमा लावायचाय. सायफाय हवा आणि कादंबरीवर बेतलेला हवा. एकच नाव सांगा. 'टॉप पन्नास' छाप याद्या बघून डोकं उठलंय, त्या नकोत. शनिवारपर्यंत ग्रुपवर टाकायचंय. ट्रेलरच्या लिंका टाकू नका, प्लीज.

अवकाशवेडा:
२००१: अ स्पेस ओडिसी. विषय संपला.

सिडकोचा_तात्या:
कसला संपला? पहिला संवाद यायलाच पंचवीसेक मिनिटं लागतात, तोवर निम्मी गच्ची दुधाच्या पातेल्यापाशी गेलेली असेल. शिवाय तो 'कादंबरीवरचा' नाहीच. लेखक क्लार्क आणि दिग्दर्शक कुब्रिक यांनी पटकथा आणि कादंबरी जोडीनेच रचली, १९६८ साली दोन्ही बाहेर आलं. बीज होतं ते क्लार्कच्या 'द सेंटिनल' या कथेत.

अवकाशवेडा:
तात्या, कादंबरी आहे ना? सिनेमा आहे ना? मग झालं.

निमा_पुणे:
प्रेक्षक कोण आहेत? वय, भाषा, किती वेळ, काहीच लिहिलेलं नाही.

गंगापूररोडकर:
प्रेक्षक बिल्डिंगमधलेच, आणखी कोण असणार?

निमा_पुणे:
अहो, बिल्डिंगमधले म्हणजे बालवाडीतली पोरं की निवृत्त प्राध्यापक?

मिसळप्रेमी:
डोळे मिटून 'द मार्शियन' लावा. मंगळावर अडकलेला माणूस बटाटे पिकवून जगतो. पुस्तकातलं गणित-रसायन पडद्यावर इतकं सोपं करून क्वचित आलंय. मी तीनदा पाहिलाय, चौथ्यांदा तुमच्या गच्चीवर येतो.

गंगापूररोडकर:
मार्शियन गेल्या वर्षीच झाला. आमचे एक आजोबा शेवटी म्हणाले, इथे लासलगावात कांद्याला भाव मिळेना आणि हा मंगळावर बटाटे लावतोय. मुलं आठवी-नववीची, बाकी त्यांचे आजी-आजोबा. हिंदीत असेल तर बरं. साडेसातला सुरू, दहाला आवाज बंद म्हणजे बंद, चेअरमन गच्चीखालीच राहतात. मध्ये दुधासाठी अर्धा तास. आणि मुलं आधी पुस्तक वाचणार आहेत, म्हणून तर कादंबरी म्हटलं ना.

निमा_पुणे:
हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं की. म्हणजे दोन तासांच्या आत बसणारा सिनेमा, आणि मुलांच्या हातून कोजागिरीपर्यंत वाचून होईल असं पुस्तक. ड्यून, काँटॅक्ट बाद. २००१ सुद्धा बाद.

अवकाशवेडा:
काँटॅक्ट बाद?? सेगनची १९८५ची कादंबरी आहे ती! सिनेमात परग्रहावरून आलेल्या आराखड्यावर बांधलेल्या यंत्रात नायिका एली एकटीच बसते, पुस्तकात पाच जण जातात. आणि पुस्तकाच्या शेवटी गणितातल्या पायच्या (π) आकड्यांत दडलेला संदेश सापडतो, तो तर सिनेमावाल्यांनी गाळूनच टाकला. यावरच मुलांशी तासभर बोलता येईल.

सिडकोचा_तात्या:
बोला की, पण सिनेमाच अडीच तासांचा आहे. बोलायला अकरा वाजतील.

जुनं_नाशिक:
अवांतर: नाशकात बसून परदेशी सिनेमे कशाला शोधताय? ट्रिक फोटोग्राफी आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी पडद्यावर आणली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, मुलांना आधी तिथे न्या.

मिसळप्रेमी:
काका, प्रश्न काय, उत्तर काय!

जुनं_नाशिक:
प्रश्न कळला हो. मग ऐका, डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वं साहित्य संमेलन आपल्याच गावात झालं. अध्यक्ष जयंत नारळीकर, तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. त्यांची 'प्रेषित' ही विज्ञान कादंबरी पडद्यावर आणायचं कुणाला का सुचत नाही? सार्वजनिक वाचनालय १८४० पासून गावात आहे, पुस्तकं आहेत, वाचणारे आहेत. सिनेमे मात्र निघतात ते फक्त लग्नांवर.

अवकाशवेडा:
+१. पण गच्चीसाठी उपयोग शून्य.

कायदाप्रेमी:
ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं. सोसायटीत पडद्यावर दाखवणं म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन, हक्कधारकाची परवानगी लागते. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही.

गंगापूररोडकर:
तिकीट नाहीये हो. दूध सुद्धा वर्गणीतून आहे.

कायदाप्रेमी:
तिकिटाचा संबंध नाही.

सिडकोचा_तात्या:
जुरासिक पार्क! क्रायटनचं पुस्तक १९९० चं, सिनेमा १९९३ चा. १९९४ मध्ये हिंदीत आला तेव्हा आम्ही थिएटरबाहेर लाइन लावली होती. आजी-आजोबांनाही चालेल. आणि मुलांना चर्चेला मस्त मुद्दा: पुस्तकातला पार्कचा मालक हॅमंड पक्का लोभी शेठ आहे, शेवटी बारक्या डायनोसॉरच्याच तोंडी जातो. स्पीलबर्गने त्याचा लाडका आजोबा करून टाकला.

निमा_पुणे:
तिथेच पुस्तकाचा कणा मोडला. पैशाच्या हावेपायी सुरक्षेत काटकसर करणारा माणूस हा मूळ मुद्दा. सिनेमात तो भाबडा स्वप्नाळू झाला, मग राग कोणावर धरायचा?

सिडकोचा_तात्या:
राग धरायला कोण येतंय? टी-रेक्स बघायला येतात. पाण्याच्या पेल्यात वलयं उठतात तो सीन पुस्तकात नाही म्हणून वाईट का?

गंगापूररोडकर:
भांडू नका. जुरासिक मुलांनी पाठ केलाय, चालणार नाही.

पिंपळपान:
प्लॅनेट ऑफ द एप्स, १९६८. पियेर बूलची फ्रेंच कादंबरी. शेवटी तो वाळूतला पुतळा दिसतो ना, तो पुस्तकात नाहीच. तिथे नायक पृथ्वीवर परत येतो आणि विमानतळावर

मिसळप्रेमी:
अरे थांब!! आठवीतली पोरं वाचतायत हा धागा.

पिंपळपान:
५० वर्षांहून जुना सिनेमा आहे राव.

निमा_पुणे:
गंगापूररोडकर, माझं मत 'द टाइम मशीन', १९६० चा. जेमतेम पावणेदोन तास. वेल्सची १८९५ ची कादंबरी छोटी, मुलं दोन-तीन बैठकांत संपवतील. आणि बदल असे की बोलता बोलता रात्र सरेल: पुस्तकात माणसाच्या दोन जाती होतात त्या मालक आणि मजूर यांच्या दरीमुळे. सिनेमाला अणुयुद्धाची धास्ती, म्हणून प्रवासी वाटेत १९१७, १९४० आणि १९६६ मध्ये थांबतो, नि दर वेळी लढाई चालू. पुस्तकाच्या शेवटाकडे मावळता लाल सूर्य आणि किनाऱ्यावर प्रचंड खेकडे आहेत, ते सिनेमात नाहीत. मुलांना विचारा, का गाळले असतील?

अवकाशवेडा:
बजेट नव्हतं म्हणून. पुढचा प्रश्न?

निमा_पुणे:
त्याच सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर आहे. खेकडा त्यांना जड नव्हता.

सिडकोचा_तात्या:
पण हिंदी? आजींना सबटायटल वाचायला लावणार का? आणि पौर्णिमेला गच्चीवर चित्र फिकं दिसेल ते वेगळंच.

अवकाशवेडा:
चंद्राचा काय दोष? पौर्णिमेचा उजेड फार तर पाव लक्स (उजेड मोजायचं एकक), त्याने प्रोजेक्टर हरत नाही. शेजारच्या इमारतीचा हॅलोजन हरवतो. तो आधी बंद करायला सांगा. आणि पडदा म्हणून चादर टांगत असाल तर मागे काळं कापड लावा, बराच उजेड आरपार जातो.

गंगापूररोडकर:
हॅलोजन समोरच आहे आणि त्या सोसायटीशी आमचं पार्किंगवरून वाजलंय. बरं, टाइम मशीन नक्की करतो. हिंदी नाही मिळाला तर माझी मुलगी मध्ये मध्ये सांगेल, तिला तसंही बोलायला आवडतं. पुस्तक मराठीत आहे का?

जुनं_नाशिक:
वाचनालयात विचारतो, परवा तिकडे जाणारच आहे.

सिडकोचा_तात्या:
प्रोजेक्टर कुठला आहे? लॅपटॉपला एचडीएमआय आहे ना?

गंगापूररोडकर:
गेल्या वर्षी लागला होता, यंदाही लागेल.

सिडकोचा_तात्या:
म्हणजे माहीत नाही. केबल घेऊन येतो, मला दुधात केशर जास्त लागतं.