पुलावरची ती दोघं: प्रेमकहाणी म्हणायचं की सरळ खून?

रामबागची सूनबाई:
रविवारी आमच्याकडे पोहे-जलेबी चालू असताना भाचीने बोस्नियातल्या सारायेव्हो शहरातल्या बोश्को आणि अदमिराची गोष्ट काढली आणि घरात भांडणच लागलं. माहीत नसेल तर थोडक्यात सांगते, तो सर्ब, ती मुस्लिम, शाळेपासूनचं प्रेम, दोघंही पंचविशीच्या आसपासचे. १९९२ ला युद्ध लागलं, सर्ब फौजांनी शहराला वेढा घातला, त्याची आई शहर सोडून गेली, हा तिच्यासाठी मागे राहिला. शेवटी बाहेरचे सर्ब आणि आतलं बोस्नियाचं सैन्य, दोन्ही बाजूंकडून गोळी मारणार नाही असा शब्द मिळवला आणि १९ मे १९९३ ला शहराबाहेर पडायला वर्बान्या पुलाकडून निघाले, तर गोळ्या आल्याच. तो जागीच गेला, ती जखमी होती, सरपटत त्याच्यापाशी पोचली, अंगावर हात टाकला आणि तशीच गेली. प्रेतं कित्येक दिवस तिथेच पडून, उचलायला जाणार कोण?

सासरे म्हणाले, मूर्ख पोरं. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पेपरवाल्यांनी त्यांना शेक्सपिअरच्या नाटकातल्या रोमिओ-ज्युलिएटची नावं चिकटवून टाकली. अहो नाटकात दोघं आपल्या हाताने मरतात, इथे कुणीतरी नेम धरलाय! आणि त्याला आजवर शिक्षा नाही.

बँकेतले काका:
सूनबाई, सासऱ्यांशी सहमत. वेढ्यात अडकलेल्या माणसाने जिवाची जोखीम मोजायला नको? जुलै ९३ मध्ये विमानतळाखालून बोगदा झालाच ना, दोन महिने दम धरला असता तर...

रामबागची सूनबाई:
काका, मे महिन्यात त्यांना कुणी सांगितलं होतं की जुलैत बोगदा होणारे? आणि तो सैन्याच्या ताब्यात, परवानगी असल्याशिवाय कुणी आत शिरू शकत नव्हतं. आपल्याला शेवट ठाऊक आहे म्हणून आपण शहाणे. वेढा तर फेब्रुवारी ९६ पर्यंत चालला, तोवर बसायचं होतं का?

पलासियाचा भिया:
ताई, काकांचं सोडा, पण तुमचंही पटलं नाय. एप्रिल २०१२ ला तिथे मुख्य रस्त्यावर मेलेल्यांसाठी ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. त्यातली किती नावं येतात इंदूरमध्ये कुणाला? ही दोनच. का, तर प्रेमकहाणी म्हणून. ज्याने ती बातमी दिली तो कर्ट शोर्क २००० मध्ये सिएरा लिओनमध्ये स्वतः गोळीबारात गेला आणि त्याची अर्धी राख या दोघांशेजारी पुरलीय. आता तो काय मसाला विकत होता का यार?

रामबागची सूनबाई:
शोर्कबद्दल एक शब्द नाही माझा. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. भाचीने डोळे पुसले, स्टेटसला दोघांचा फोटो टाकला, पण कुणी मारलं हे एकदाही विचारलं नाही, आणि मारलं कुणी तर दोन्ही बाजू आजही एकमेकांकडे बोट दाखवतात.

नलूमावशी:
मी आई आहे म्हणून बोलते. त्या नाटकात दोन्ही घरं वैरी असतात, इथे घरच्यांनी अडवलंच नव्हतं, हे कुणी का बोलत नाही? त्या शहरात अशी लग्नं व्हायची, शेजारी एकमेकांच्या सणाला जायचे. माझ्या धाकट्या बहिणीने परजातीत केलं तर आमचे वडील चार वर्षं तिच्याशी बोलले नव्हते, आणि इंदूरमध्ये काही युद्ध नव्हतं बरं का. (हे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नका टाकू कुणी.)

बँकेतले काका:
मावशी, ते वेगळं. पण घरचे राजी होते हे मला माहीत नव्हतं. मूर्ख हा शब्द मागे घेतो. घाई केली, एवढं मात्र म्हणणारच.

पलासियाचा भिया:
काका झुकले, स्क्रीनशॉट घ्या रे 😄

कृष्णपुऱ्याचा:
उशिरा आलोय, सगळं वाचलं. तुम्ही तो पूल नकाशात पाहिलाय का? आपल्या कृष्णपुऱ्याच्या पुलासारखा, खाली खान नदीसारखीच उथळ नदी, एका मिनिटात पार होईल. आणि त्याला आज नाव या दोघांचं नाही, सुआदा आणि ओल्गाचं आहे. दोन बायका, ५ एप्रिल १९९२ ला त्याच पुलावर गोळी लागून गेल्या, युद्धाच्या अगदी सुरुवातीला. मला ती नावं आज सकाळपर्यंत माहीत नव्हती.