पुढचे टायर झिजले, मागचे धड आहेत. पावसाळ्याआधी रोटेशन (चाकांच्या जागांची अदलाबदल) करू का?

घोडबंदरी
पेट्रोल हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, १८५/६५ आर १५, अलॉय. १९ हजार किमी झाले, रोटेशन एकदाही नाही. रोजचा रस्ता कासारवडवली ते महापे. खाचांची खोली मोजली: पुढे ४ मिमी, मागे ६. पुढच्या डाव्या टायरची फक्त आतली कड जास्त खाल्ली गेलीय. एक टायरवाला म्हणतो रोटेशन, बॅलन्सिंग, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) एकदमच करून टाका. दुसरा म्हणतो रेडियल टायर क्रॉस करायचे, म्हणजे डाव्याचे उजवीकडे न्यायचे नसतात. स्टेपनी लहान मापाची आहे, तीही फिरवायची का?

जॅकवाले काका
आधी त्या आतल्या कडेचं बघा. टोचं (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं) माप बिघडलं असेल तर झीज साधारण दोन्ही पुढच्या टायरांवर दिसते, कारण गाडी सरळ चालताना ती चूक दोन्ही चाकांत वाटली जाते. एकाच चाकाची आतली कड जात असेल तर संशय कॅम्बरवर (समोरून पाहता चाकाचा तिरकेपणा). डावं चाक खड्ड्यात जोरात आदळून स्ट्रट (चाक धरणारा सस्पेन्शनचा खांब) वाकलाय का, लोअर आर्मचा बुश (रबरी तुकडा) फाटलाय का, बॉल जॉइंटमध्ये खेळ आहे का, हे चाक उचलून, हलवून बघायला सांगा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढचा कॅम्बर अलाइनमेंट मशीनवर बदलताच येत नाही, फक्त टो बदलतो. म्हणजे सैल बुशवर अलाइनमेंट करणं हे पैसे पाण्यात. आणि कारण न शोधता रोटेशन केलंत, तर आज मागे असलेला चांगला टायर त्याच जागी जाऊन तसाच खाल्ला जाईल.

ट्रेडवरून (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरून) तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं टोचत असेल तर टो. दोन्ही कडा झिजल्या, मध्य शाबूत: हवा कमी. फक्त मध्य झिजला: हवा जास्त. ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे: शॉकअब्झॉर्बर गेलेत किंवा बॅलन्सिंग नाही.

अलाइनमेंटच्या आधीच्या आणि नंतरच्या मापांचा प्रिंट मागून घ्या. देत नसेल तर दुकान बदला.

पाम बीच पंक्चर
रेडियल क्रॉस करू नका हा सल्ला फार जुना, अजून टायरवाल्यांच्या तोंडी आहे. आजच्या रेडियलला चालतं. बाजूवर बाणाची खूण असेल, म्हणजे डायरेक्शनल (एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेला) टायर असेल, तरच त्याच बाजूला पुढे-मागे करायचं. 'आउटसाइड' लिहिलेला असिमेट्रिक टायर क्रॉस करता येतो, चाक कुठेही लावलं तरी ती बाजू बाहेरच राहते.

फ्रंट व्हील ड्राइव्हला: पुढचे दोन सरळ मागे, मागचे दोन क्रॉस होऊन पुढे. रिअर व्हील ड्राइव्हला बरोबर उलट. लहान मापाची स्टेपनी अजिबात फिरवायची नाही, तिच्यावर ताशी ८० किमीची मर्यादा असते. तिच्यात हवा मात्र भरून ठेवा, नेमकी गरज पडते तेव्हा ती बसलेली असते.

खाडीपलीकडचा
क्रॉस-सरळ राहू द्या, ४ मिमीचे टायर मागे टाकून पावसाळ्यात उतरायचं? पाणी साचलेल्या रस्त्यावर कमी खोलीचा टायर आधी तरंगतो. पुढचे तरंगले तर स्टीअरिंग हलकं लागतं, गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुधा सावरते. मागचे तरंगले तर शेपूट बाहेर फेकली जाते, ते सावरणं साध्या ड्रायव्हरच्या हातातलं नाही. गायमुखच्या वळणावर किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या पुलांवर मुळीच नाही. जास्त खोलीचे टायर मागेच असावेत. नवीन दोनच घेतले तरी तेही मागेच बसवायचे.

पाम बीच पंक्चर
मुद्दा बरोबर. रोटेशन ८ ते १० हजारांवर करायचं असतं ते याचसाठी: तेव्हा फरक मिलिमीटरभर असतो, कुठला टायर कुठे गेला याने बिघडत नाही. २ मिमी फरक पडल्यावर, तेही मेच्या शेवटी, मीही करणार नाही.

हिशोब बघा. नवीन टायर ८ मिमीचा धरला तर पुढचे १९ हजारांत ४ मिमी झिजले. टीडब्ल्यूआयची (टायर झिजल्याचं दाखवणारी) खूण १.६ मिमीवर, म्हणजे त्याच वेगाने अजून ११ हजार. पण पावसात ३ मिमीच्या खाली जाऊ देऊ नये, तिथवर जेमतेम ५ हजार. म्हणून आता अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करा, टायर आहेत तिथेच ठेवा. पुढचे ३ वर आले की ती जोडी बाद, मागची जोडी पुढे, नवी जोडी मागे. मग नियमित रोटेशन.

घोडबंदरी
पटलं. पुढे नियमित करायचं झालं तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीतल्या एकाच जॅकवर जमेल का?

जॅकवाले काका
जमतं. इथे लहान स्टेपनी कामाला येते. सपाट जागा हवी, पोडियमच्या उतारावर नको. हँडब्रेक ओढा आणि पहिला गिअरही टाका: पुढचं चाक उचललं की गिअर गाडी धरत नाही, मागचं उचललं की हँडब्रेकचं एकच चाक उरतं. उचललेल्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला वीट लावा. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा.

पुढचं डावं काढा, तिथे स्टेपनी. ते चाक मागे डावीकडे. तिथून निघालेलं पुढे उजवीकडे. तिथलं मागे उजवीकडे. तिथलं पुढे डावीकडे, स्टेपनी बाहेर. पाच वेळा जॅक लावावा लागतो. गाडीखाली हातपाय घालू नका.

खाडीच्या दमट हवेत अलॉय हबला चिकटून बसतं. टायरच्या बाजूवर टाचेने हाणा, सुटतं. हबचा गंज वायर ब्रशने साफ करा, नाहीतर चाक वाकडं बसून ८०-९०च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. नटांना तेल किंवा ग्रीस लावू नका, तेवढ्याच जोरात ते जास्त आवळले जातात.

खाडीपलीकडचा
आवळताना समोरासमोरचे नट, दोन टप्प्यांत, शेवटचा टप्पा चाक जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने (किती जोर लावला ते दाखवणाऱ्या पान्याने). आकडा मॅन्युअलमध्ये बघा, छोट्या गाड्यांना बहुतेक ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. पान्यावर उभं राहून आवळलं की स्टड ताणले जातात. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा एकदा तपासा, अलॉयला तर नक्कीच. पुढची-मागची हवा वेगळी असेल तर ती नव्या जागेप्रमाणे, टायर थंड असताना. टीपीएमएस (टायरमधल्या हवेचा दाब तपासणारी यंत्रणा) असेल तर रीसेट. एवढ्यानंतर गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर पुढची दोन चाकं आपसांत बदलून बघा (डायरेक्शनल टायर नसतील तर). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये, अलाइनमेंटमध्ये नाही.